सीताबर्डीवर झेंडा बदलला, मग कचेरीचं काय झालं? नागपूरची भटकंती

२४ जानेवारी

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला वर्षातून तीनच दिवस आत सोडतात, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मे महिन्यात नागपूरला जायची आमची टाप नाही आणि बाकीच्या दोन तारखांना उभी नोकरी झेंडावंदनाच्या ड्युटीत गेली. तहसील कचेरीत होतो, अव्वल कारकून म्हणून गेल्या जूनला सुटलो. त्यामुळे यंदा पहिल्यांदाच २६ जानेवारी मोकळी मिळाली आणि नाशिकहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस पकडली. मावशी गेली कित्येक वर्षं म्हणतच होती की अरे ये, येच एकदा.

गाडी लेट. स्टेशनवर काका (मावशीचे यजमान, एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखाकारांच्या कचेरीतून, रिटायर) मफलर गुंडाळून उभे आणि पहिलं वाक्य, "काहून रे, इतका वाळला कसा?" घरी जायच्या आधी तर्री पोहे खायला घातले, पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा, सकाळी साडेनऊला डोळ्यातून पाणी. थंडी मात्र मस्त होती, नाशिकची सवय असूनही जाणवली.

दुपारी महालात गेलो. हे जुनं नागपूर. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं १७०२ च्या सुमाराला आसपासची वाड्यावस्ती एकत्र करून शहर वसवलं, मग पहिले रघुजी भोसले आले आणि राज्य भोसल्यांचं झालं. गोंड राजाला त्यांनी हाकललं नाही, नाव आणि मान ठेवला, कारभार स्वतःकडे घेतला. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे पन्नास-पाऊणशे वर्षांनी इंग्रजांनी भोसल्यांचं जे केलं ते ह्याच चालीनं केलं, राजा तिथेच, चाव्या दुसरीकडे.

गल्ल्या अरुंद, जुने वाडे, मध्येच एखादं मंगल कार्यालय. काका चालता चालता मारबतीची गोष्ट सांगत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, मोठाले पुतळे, सोबत बडगे, आणि सगळं शहर ओरडतं "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" आणि शेवटी पुतळा जाळतात. काळी मारबत म्हणजे बांकाबाई असं इथे लोक मानतात. ही भोसल्यांच्या घरातली बाई, तिनं इंग्रजांशी जुळवून घेतलं म्हणून तिची ही गत, दरवर्षी, एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत.

आता मला ह्या बाईबद्दल थोडं वेगळं वाटतं. १८१८ ला नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून पकडले गेले, मग कैदेतून पळाले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आधारानं फिरले, पंजाबपर्यंत गेले आणि शेवटी १८४० ला जोधपुरात वारले. गादीवर बसवलेला तिसरा रघुजी पोरगेला. अशा वेळी वाड्यात जी माणसं उरतात त्यांनी करायचं काय? दाराशी फौज, हाताशी अज्ञान राजा. बांकाबाईनं राज्याचं उरलंसुरलं नाव टिकवलं असंही म्हणता येतं, आणि १८५७ ला आपल्या माणसांना उठू दिलं नाही हेही खरंच. काकांना म्हटलं तर म्हणाले, "अरे बाप्पा, हे मारबतीच्या दिवशी बोलू नको, तुलेच जाळतीन पोट्टे."

फ्रान्सचं आठवलं. १९४० ते ४४ जर्मनांच्या ताब्यात असताना विशी नावाच्या गावातून सरकार चालवणारा म्हातारा मार्शल पेतां, १९४५ ला त्याच्यावर खटला, मृत्युदंड, मग जन्मठेप. त्याला शिक्षा देऊन सगळं शुद्ध झालं असं मानलं गेलं. पण मॉरिस पापों नावाचा एक अधिकारी होता, बोर्दोच्या प्रिफेक्चरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टर कचेरीसारख्या ठिकाणी, ज्यूंना छावण्यांत पाठवायच्या कागदांवर ज्याच्या सह्या होत्या. तो मुक्तीनंतर नोकरीत राहिला, पॅरिसचा पोलीसप्रमुख झाला, १९७८ ला मंत्री झाला आणि शिक्षा लागली थेट १९९८ ला. मारबत एकाची निघते, फाईलवर सही दुसऱ्याचीच असते. कारकुनी केलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

रात्री मावशीकडे वडा-भात. वर कढत तेलाची फोडणी, हात आखडता घेतला तर मावशी रागावते.

२५ जानेवारी

आज सकाळी मावशीचा नातू आशू बरोबर होता. यूपीएससी करतोय, त्यामुळे त्याला सगळं तारखेसकट पाठ आणि प्रत्येक गोष्टीला "पण दादाजी, ह्याचं दुसरं अँगल असं आहे" असं म्हणायची सवय. मला दादाजी म्हणतो, वय तेवढं झालेलं नाही पण असो.

अजब बंगला पाहिला. म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चं. नागपूर खालसा झाल्यावर १८६१ ला इंग्रजांनी नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदेचा मुलूख जोडून मध्य प्रांत केला, राजधानी नागपूर, आणि दोनच वर्षांत हे म्युझियम. प्रांत नवा असला की आधी मोजणी करायची, मग नकाशा काढायचा आणि मग एका इमारतीत त्या प्रांतातले दगड, पक्षी, शिलालेख, हत्यारं सगळं ओळीनं मांडून ठेवायचं, जणू काही हा प्रांत कायम असाच होता. पेंढा भरलेली जनावरं बघताना आशूला मी जर्मनीतल्या बॉनची गोष्ट सांगितली, ती त्याच्या नोट्समध्ये नव्हती ह्याचा मला बारीकसा आनंद झाला.

झालं असं की १९४५ च्या मे महिन्यात जर्मनी शरण आली तेव्हा तिथे सरकारच उरलं नाही. ५ जूनला चार विजेत्या राष्ट्रांनी जाहीर केलं की आता सर्वोच्च सत्ता आमची. म्हणजे गादीवर बसवायला अज्ञान राजाही नाही, काहीच नाही. मग सुरुवात खालून झाली. गावाचा मेयर कोण, पाणी कोण सोडणार, रेशनकार्डं कोण लिहिणार. कोलोनला अमेरिकन लोकांनी कोनराड आडेनाउअरला मेयर केलं, ज्याला नाझींनी १९३३ ला त्याच खुर्चीवरून काढलं होतं, पुढे तो भाग इंग्रजांकडे आला आणि त्यांनी त्याच ऑक्टोबरात त्याला काढून टाकलं, काम नीट करत नाही म्हणून. नंतर हाच माणूस पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सेलर. गावं झाली, मग प्रांत झाले, प्रांतांच्या विधानसभा झाल्या आणि त्यांनी पाठवलेले ६५ सदस्य १९४८ च्या १ सप्टेंबरला राज्यघटना लिहायला बॉनमध्ये जमले. उद्घाटन कुठे, तर पेंढा भरलेल्या जनावरांच्या म्युझियममध्ये, कारण बॉम्बिंगमधून धड राहिलेला मोठा हॉल तोच. जिराफाला कुठे हलवणार म्हणून तो झाकून ठेवला होता म्हणतात. २३ मे १९४९ ला त्यांचा मूलभूत कायदा लागू झाला आणि त्याला राज्यघटना म्हणायचंसुद्धा त्यांनी टाळलं, देशाचे दोन तुकडे असताना कायमचं काही लिहायचं नाही म्हणून.

आशू म्हणाला, "आणि नाझींचं काय केलं?"

इथे माझा विषय आला. अमेरिकेच्या ताब्यातल्या भागात जबाबदारीच्या जागेवर असलेल्या किंवा तशी जागा मागणाऱ्या माणसाला एक फॉर्म भरायला लावला, त्यात १३१ प्रश्न. पक्षात होता का, कधीपासून, वर्गणी किती दिलीत, कुठल्या संघटनेत, पगार किती. लाखोंनी फॉर्म आले, तपासणारे थोडे. माझी सबंध नोकरी असल्या फॉर्मांत गेली, त्यामुळे पुढे काय झालं असणार हे न वाचताही सांगता आलं असतं, म्हणजे छोट्या लोकांच्या सोप्या केसेस आधी निकाली निघाल्या आणि मोठ्यांच्या फाईली मागे राहिल्या, आणि तोवर शीतयुद्ध सुरू झालं आणि कोणालाच त्या उघडायची घाई राहिली नाही. गंमत म्हणजे त्याच मूलभूत कायद्यातलं कलम १३१ हे जुन्या सरकारी नोकरांबद्दलचं, आणि १९५१ ला त्याखाली कायदा होऊन काढलेले बरेचसे नोकर परत घेतले गेले. आडेनाउअरच्या कार्यालयाचा प्रमुख दहा वर्षं हान्स ग्लोब्के होता, ज्यानं ज्यूंविरुद्धच्या न्यूरेंबर्ग कायद्यांवर भाष्य लिहिलं होतं. लोकशाही टिकली हे खरं, पण ती चालवायला बसलेल्यांतले कितीतरी जण तेच. हे मला अजूनही पचत नाही आणि दुसरा मार्ग काय होता तेही सुचत नाही.

दुपारनंतर सिव्हिल लाइन्समध्ये नुसतंच भटकलो. हायकोर्टाची इमारत, रुंद रस्ते, झाडं. राजधानीसाठी आखलेला भाग लगेच ओळखू येतो. संध्याकाळी बर्डीवर इतकी गर्दी की चालता येईना, तिरंगे, फिती, गाडीला लावायची छोटी झेंड्यांची जोडी. संत्र्याचा रस पिऊन परत.

२६ जानेवारी

सकाळी काकांच्या कॉलनीतलं झेंडावंदन, मग किल्ला. रांग ही एवढी. शाळेची पोरं, म्हाताऱ्या बायका, कामठीहून आलेलं एक नवीन लग्नाचं जोडपं, सगळे. तपासणी करून आत सोडतात. वर गेलं की एका बाजूला रेल्वे स्टेशन, खाली मेट्रोचे डबे, आणि मग कळतं की ही टेकडी ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात शहर.

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी लढाई सुरू झाली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपली. तेव्हा हा किल्ला नव्हता, नुसत्या दोन टेकड्या, पायथ्याशी इंग्रजांची रेसिडेन्सी आणि रेसिडेंट, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, रिचर्ड जेंकिन्स. इंग्रजांकडे दीडेक हजार माणूस, आप्पासाहेबांकडे कितीतरी पट जास्त. त्यातले अरब शिपाई जोरात लढले, धाकटी टेकडी त्यांनी घेतलीसुद्धा. मग कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळानं हल्ला केला, दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला आणि पारडं फिरलं. त्यानंतरही महालातले अरब काही दिवस शहर धरून बसले होते. किल्ला पुढे इंग्रजांनी बांधला, शहराकडे तोफा करून.

आत पाचव्या जॉर्जच्या भेटीची खूण आहे आणि त्याच किल्ल्यात नऊगज बाबांची कबर. १८५७ मध्ये इथे ज्यांना फाशी दिलं त्या नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांची ती कबर असं सांगतात. लोक दोन्हीकडे फोटो काढत होते, कबरीपाशी चपला काढून.

माझ्या डोक्यात मात्र १८१८ ते १८२६ ही वर्षं. लढाईवर सगळे बोलतात, त्यानंतरच्या सकाळबद्दल कोणी बोलत नाही. आप्पासाहेबांनी नर्मदेकडचा मुलूख, गाविलगड, नरनाळा सोडून दिले, मग ते स्वतःच गेले, गादीवर पोर. जेंकिन्सनं काय केलं, तर राजाच्या नावानं स्वतः राज्य चालवलं. जिल्ह्याजिल्ह्याला एकेक इंग्रज सुपरिंटेंडेंट, त्याच्या खाली जुनेच कमाविसदार, जुनेच पाटील, पांडे, जुन्याच पद्धतीचा वसूल, फक्त आता हिशोब वर रेसिडेन्सीला. कुठलं गाव किती जमा देतं, कोण कसतो, कुठले हक्क कुणाचे, सगळं लिहून काढलं आणि १८२७ ला त्यानं नागपूरच्या मुलखावर एक जाडजूड अहवाल छापवला. १८२६ च्या तहानं राजा सज्ञान म्हणून थोडा मुलूख त्याच्या हाती दिला, १८३० ला बाकीचा. म्हणजे ताबा घेतला, घडी बसवली आणि परत दिलं. वाचायला किती छान वाटतं.

पण ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी मुलाविना वारले आणि डलहौसीनं दत्तक नाकारून १८५४ ला राज्य खालसा केलं. एक गोळी झाडावी लागली नाही. राजवाड्याचे हत्ती, घोडे, बैल इथेच सीताबर्डीला लिलावात काढले, दागिने कलकत्त्याला नेऊन विकले. आणि कारभार? तो दुसऱ्या दिवशी सुरूच. माझं मत असं की जेंकिन्सच्या वह्या नसत्या तर हे इतकं सोपं गेलं नसतं. तीस वर्षांपूर्वी ज्यानं घराची सगळी मोजमापं घेऊन ठेवली त्याच्याच माणसांनी येऊन कुलूप लावलं. तेव्हा "आम्ही नुसतं तात्पुरतं सांभाळतोय, तुमचं तुम्हाला परत देऊ" असं कोणी परकं सैन्य म्हणालं की मी आधी विचारतो, दफ्तर कुणाकडे आहे?

हे किल्ल्याच्या भिंतीवर बसून आशूला ऐकवलं तर तो म्हणे मग इराकमध्ये उलटं केलं ते बरोबर का? बरोबर पकडलं पोरानं. २००३ च्या एप्रिलमध्ये बगदाद पडलं, मंत्रालयं लुटली गेली, खुर्च्या, दिव्यांच्या तारा, फाईली सगळं, पहारा होता तो तेल मंत्रालयावर. मग अमेरिकेचा प्रशासक पॉल ब्रेमर आला आणि त्यानं १६ मेला पहिला आदेश काढला, सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांतल्या सगळ्यांना सरकारी नोकरीतून बाद, आणि २३ मेला दुसरा आदेश, सैन्य बरखास्त. आता तिथे मास्तर व्हायचं तरी पक्षाचं सदस्य असावं लागायचं, प्रमोशनला तर हवंच. एका आठवड्यात पाणीपुरवठ्याचा इंजिनियर, हेडमास्तर आणि बंदूक हाताळता येणारे लाखो तरुण, सगळे एकदम घरी. पुढे काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय.

"मग ठेवायचे का काढायचे?" आशू.

मी म्हटलं, वरचा काढायचा, खालचा ठेवायचा, आणि मधल्याची चौकशी करायची, पण ती चौकशी त्या देशातल्या माणसांनी करायची आणि लवकर संपवायची. त्यावर काका म्हणाले, "अन् मधल्याचीच चौकशी कधी संपत नाही, आमच्या ऑफिसात पाह्यलं ना मी."

तिथून दीक्षाभूमी. आज गर्दी होती पण दसऱ्यासारखी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे बुद्ध धम्म स्वीकारला, स्तूप मात्र बराच नंतरचा, २००१ चा. आतली शांतता बाहेरच्या उन्हात आल्यावर जास्त जाणवते. बाहेर संविधानाच्या छोट्या प्रती विकायला होत्या, माझ्याकडे घरी दोन आहेत तरी तिसरी घेतली.

आपण युद्धात हरून नव्हे, पण परक्या राज्यातून बाहेर पडून घटना लिहिली, आणि १९३५ च्या इंग्रजांच्या कायद्यातला केवढा तरी भाग तसाच ठेवला. तेव्हा घटना समितीत ह्यावर टीका झाली, ही काय गुलामीची नक्कल म्हणून. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी सरळ सांगितलं की त्याची मला लाज वाटत नाही, उसनं घेण्यात काही गैर नाही, आणि प्रशासनाचे बारकावे घटनेत का घातले तेही समजावलं, कारण घटनेचं कलम न बदलता नुसता कारभार बदलूनही घटना बिघडवता येते. हे वाक्य मला तहसीलमध्ये असताना फार वेळा आठवलंय. आणि आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या वरच्या सनदी अधिकाऱ्यांचं तेच, १० ऑक्टोबर १९४९ ला सरदार पटेल सभागृहात उभे राहिले आणि ज्यांनी काल आपल्याला तुरुंगात घातलं त्याच अधिकाऱ्यांची त्यांनी बाजू घेतली, ही माणसं नसतील तर देश चालणार नाही म्हणून. सभागृहातल्या कितीतरी जणांना ते बोचलं असणार. तुरुंगात स्वतः पटेलही होतेच की.

रात्री सावजी. मटण. लिहिण्यासारखं फक्त इतकंच की मी दोन ग्लास ताक प्यायलो.

२७ जानेवारी

कामठी. मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आणि पुढे ऑटो. कामठी म्हणजे सीताबर्डीच्या लढाईचंच पुढचं पान, भोसल्यांवर नजर ठेवायला १८२१ ला कन्हान नदीकाठी वसवलेली इंग्रजांची छावणी. आज तिथे बघायला लोक जातात ते ड्रॅगन पॅलेस, जपानी मदतीनं १९९९ ला उभं राहिलेलं बुद्ध विहार. स्वच्छ, मोठी बाग, आत चंदनाची मूर्ती. काही कळत नसलं तरी बसावंसं वाटतं, मी अर्धा तास बसलो.

जपान म्हटलं की आशूला आपल्या घटनेचं कलम २१ आठवतं, "कायद्याने प्रस्थापित केलेल्या पद्धतीशिवाय" हे शब्द जपानच्या घटनेवरून आलेले. आणि जपानची ती घटना कोणी लिहिली, तर जपान हरल्यावर टोकियोत बसलेल्या अमेरिकन सेनापती मॅकआर्थरच्या कचेरीतल्या माणसांनी. जपानी सरकारनं स्वतःचा मसुदा केला होता, पण तो जुन्याच सम्राटशाहीची डागडुजी होती म्हणून नाकारला आणि १९४६ च्या ४ ते १२ फेब्रुवारीत, आठवड्याभरात, नवीन मसुदा तयार. त्या गटात बिआटे सिरोटा नावाची २२ वर्षांची मुलगी होती, लहानपण टोकियोत गेलेलं, जपानी बोलणारी. जीप घेऊन ती पडक्या शहरात वेगवेगळ्या लायब्ऱ्यांत फिरली आणि जगभरच्या घटना गोळा करून आणल्या, एकाच ठिकाणाहून नेल्या असत्या तर कुणाला शंका आली असती म्हणून. बायकांच्या हक्कांचं कलम तिनं लिहिलं. १० एप्रिलच्या निवडणुकीत जपानी बायकांनी पहिल्यांदा मत दिलं आणि ३९ जणी निवडून आल्या. घटना लागू झाली ३ मे १९४७ ला आणि आजपर्यंत त्यातला एक शब्द बदललेला नाही.

परक्यानं आठवड्यात लिहिलेला कागद इतका कसा टिकला? मला वाटतं दोन गोष्टी. एक म्हणजे तिथे संसद होती, मंत्रालयं होती, निवडणुका आधीही झालेल्या, अमेरिकन लोकांनी हुकूम दिले पण ते राबवले जपानी कारकुनांनीच. गृहखात्यासारखं जे फारच दडपशाहीचं होतं ते तेवढं १९४७ च्या शेवटी मोडलं. आणि दुसरी गोष्ट जमीन. जमीनदारांकडून सरकारनं जमीन घेऊन कुळांना विकली, आणि कुळाच्या नावावर जमीन चढली की त्याला नवीन घटना आपली वाटायला लागते, ह्यात मला तरी काही कोडं दिसत नाही. किंमतही होती. युद्धमंत्रिमंडळातला किशी नोबुसुके तुरुंगातून सुटला आणि १९५७ ला पंतप्रधान झाला.

आणि जमीन म्हटलं की पूर्व तिमोर. १९९९ ला लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं मतदान केलं आणि इंडोनेशियन सैन्य आणि त्यांच्या टोळ्यांनी जाताना देश जाळला, त्यात जमिनीचे रेकॉर्डही गेले. वरचे अधिकारी बहुतेक इंडोनेशियन, तेही निघून गेले. संयुक्त राष्ट्रांनी कारभार चालवला आणि २० मे २००२ ला देश स्वतंत्र झाला, झेंडा चढला, पण कुठलं घर कुणाचं ह्याचे वाद मागे उरले. पोर्तुगीजांच्या वेळचा कागद एकाकडे, इंडोनेशियाच्या वेळचा दुसऱ्याकडे, आणि तिसरा नुसताच राहतोय. माझ्या टेबलावर असली तीन माणसं रोज यायची, तिथे अख्खा देश तसा.

परतताना ऑटोवाले भाऊ गोंदियाकडचे निघाले, त्यांच्या गावचा मालगुजारी तलाव. १८६० नंतर इंग्रजांनी इकडे पाटलांना मालगुजार म्हणजे गावाचे मालकच करून टाकलं होतं, ते हक्क ३१ मार्च १९५१ ला संपले आणि चराईचे, सरपणाचे, पाण्याचे गावकऱ्यांचे हक्क निस्तारपत्रकात लिहिले गेले. भाऊंना निस्तारपत्रक म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. "पटवारी दाखवत नाही ना साहेब, पण हाय त्याच्यात आमच्या तलावाचं नाव." आम्ही दोघंही मग पटवाऱ्यावर मनसोक्त बोललो.

२८ जानेवारी

गाडी संध्याकाळची. सकाळी विधानभवन बाहेरूनच. अधिवेशन डिसेंबरात असतं, आत्ता सगळं सामसूम, एक माळी पाणी घालत होता.

हे अधिवेशन नागपूरला का तर १९५३ चा नागपूर करार. सप्टेंबरात सह्या झाल्या, त्यात लिहिलंय की सरकार दरवर्षी ठराविक काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे होईल. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर राजधानी राहिलं नाही, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली, हायकोर्ट जबलपूरला, विदर्भ मुंबई राज्यात. युद्ध नाही, ताबा नाही, आपल्याच लोकांनी आपल्याच संसदेत केलेला कायदा. तरी कचेरीचं दुःख तेच.

काकांचे वडील नागपूरच्या सचिवालयात क्लार्क. वाटणीत त्यांचं नाव भोपाळच्या यादीत आलं. घर महालात, म्हातारी आई, पोरं लहान, भोपाळमध्ये क्वार्टर्स नाहीत. फाईली गठ्ठे बांधून ट्रकनं गेल्या, त्यातले काही गठ्ठे चुकून मुंबईला गेले. त्यांनी मुंबई राज्य मागणारा अर्ज केला, अर्ज भोपाळहून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला. शेवटी नागपूरला परत आले पण सिनॉरिटी अडकली, कारण तिकडची सर्व्हिस इकडे कुठल्या तारखेपासून धरायची ह्यावर दोन सरकारांचं एकमत होईना.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," काका म्हणाले, "लिस्ट फायनल झाली अन् बाबाचं नाव वर सरकलं ना, पाच नंबरानं. पत्र आलं तवा ते रिटायर होऊन अंगणात पेपर वाचून राहिले होते. आईनं पेढे वाटले तरी."

मावशीनं संत्रा बर्फीचे डबे बांधून ठेवलेत, त्यातला एक गाडीतच फुटणार.